मारुतरावांचं कंपनीचं तेल

भोसरीत दिघी रोडला नुसतं मारुतराव म्हणून विचारलंत तर लोक चार मारुतराव दाखवतील. 'प्रेसवाले मारुतराव' म्हणालात तर शेंबडं पोरसुद्धा दारात आणून सोडेल. एकतीस वर्षं या माणसाने एमआयडीसीतल्या एका कंपनीत हायड्रॉलिक प्रेस सांभाळल्या. पत्रा दाबायचं ते अगडबंब यंत्र रुसलं की यांना बोलावणं यायचं, आणि हे डबा उघडा टाकून पळायचे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण कंपनी काही अंगातून जाईना. नळ गळायला लागला, "सील गेलंय." कुकरची शिट्टी होईना, "सील." बायकोचे, म्हणजे केसरबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हाही हेच बोलले, आणि मग दोन दिवस स्वतःच्या हाताने वाढून घेऊन जेवले.

घरात त्यांचं कोणी ऐकत नसे ते फक्त सूनबाईच्या गाडीबाबत. दिपालीची स्वतःची सात सीटची गाडी. सकाळी ताथवड्याला कॉलेजची मुलं, दुपारी मोशीहून हिंजवडीला आयटीवाले. गाडीवर तिचं नाव, तिचाच हुकूम. मारुतरावांना मागे बसायची मुभा होती, सल्ला द्यायची नव्हती. त्यामुळे आठ दिवसांपूर्वी ती जेवताना सहज म्हणाली, "मामा, क्लच जरा मऊ लागतोय," तेव्हा म्हातारा आतून फुलून आला. अखेर आमच्या दारात आली म्हणायची गाडी.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्याबरोबर यांनी बॉनेट उघडलं. क्लचच्या तेलाची छोटी टाकी बोटभर रिकामी. मारुतरावांचा हिशेब सरळ होता: प्रेस काय अन् क्लच काय, वर तेल दाबलं की खाली काम होतं. माळ्यावर कंपनीच्या तेलाची एक बाटली होती, निरोपसमारंभाच्या दिवशी स्टोअरवाल्याने प्रेमाने दिलेली. बाजारात असलं तेल मिळत नाही, हे ते सगळ्यांना सांगत. खरंच मिळत नाही, कारण ते प्रेसचं असतं. तेच त्यांनी टाकीत ओतलं, झाकण पुसलं, काम फत्ते. घरात चकार शब्द बोलले नाहीत. योग्य वेळी सांगून कौतुक करून घ्यायचा बेत होता.

वेळ आली, पण भलतीच. सकाळच्या फेरीत, भूमकर चौकातल्या गर्दीत दिपालीने क्लच दाबला आणि पेडल खाली गेलं ते वर येईना. मागे हॉर्नचा कल्लोळ. बाईने चपलेचं टोक पेडलखाली घालून दर वेळी ते वर उचललं आणि तशीच गाडी मोशीत धम्मरत्नच्या गॅरेजला आणली. घरी फोन केला, "मामा, तुम्ही या." मारुतराव इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षाने गेले. तज्ज्ञ म्हणून बोलावलंय अशी त्यांची समजूत.

धम्मरत्न हा बेताचं बोलणारा मेकॅनिक. त्याची एक रीत होती: क्लच बघायचा तर चप्पल काढून, अनवाणी पायाने. शेजारचा टायरवाला केव्हाचा "क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवा" असं ओरडत होता. धम्मरत्नने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. चार वेळा पेडल दाबलं, पायानेच उचललं, मग टाकीचं झाकण काढलं. झाकणाच्या आतलं रबर तळलेल्या पापडासारखं फुगून वेडंवाकडं झालं होतं. परत बसवायला गेला तर बसेना.

मारुतरावांनी ते रबर पाहिलं आणि सगळं ओळखलं. कारण प्रेसचं ज्ञान खरं होतं हो त्यांचं. वीस वर्षांपूर्वी एका नव्या पोराने प्रेसमध्ये चुकीचं तेल घातलं होतं, तेव्हा रबराचं सील असंच फुगलं होतं. त्या पोराला सगळ्या कामगारांसमोर झाडणारा माणूस कोण, तर हेच.

"यात ब्रेकचं तेल लागतं, कोणीतरी भलतंच घातलंय," धम्मरत्न म्हणाला. "वरचा सिलिंडर, खालचा सिलिंडर, पाइप, सगळ्यातली रबरं गेली. कोणी घातलं, ताई?"

"रविवारी गाडी प्रीतम चालवतो," दिपाली शांतपणे म्हणाली. "त्यानेच घातलं असणार. आजच सांगते त्याला, यापुढे येऊ नकोस." तिने फोन काढला.

प्रीतम म्हणजे गल्लीतलाच, नुकतं लग्न झालेला, गरीब स्वभावाचा. भेटला की मारुतरावांच्या पाया पडायचा. फोन कानाला लागलेला पाहून मारुतरावांनी मनात हिशेब मांडला. गप्प बसलं तर प्रेसवाले मारुतराव शाबूत राहतात, प्रीतमची रोजी जाते. बोललं तर एकतीस वर्षांची अब्रू टायरवाल्यासमोर जाते, आणि तो तर संध्याकाळपर्यंत भोसरीभर करणार.

"फोन ठेव," ते म्हणाले. "मी घातलं. कंपनीचं."

टायरवाला हातातलं काम टाकून जवळ सरकला.

दिपालीने फोन खाली घेतला. तो लागलेलाच नव्हता. "प्रीतम पंधरा दिवसांपासून आळंदीला सासुरवाडीत आहे, मामा," ती म्हणाली आणि त्यांना बॉनेटपाशी घेऊन गेली. टाकीच्या मागच्या अंगाला पांढऱ्या मार्करने, सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'टॉप-अप केले', खाली तारीख, खाली 'मा.' प्रेसमध्ये तेल घातलं की तारीख आणि सही, ही कंपनीतली सवय. हाताने आपलं काम करून टाकलं होतं, धन्याला पत्ता नाही. "सकाळी इथे बॉनेट उघडलं तेव्हाच पाहिलं मी. म्हटलं, बघू आपणहून सांगताय का."

मारुतराव पार ओशाळले. धम्मरत्ननेच सुटका केली. "काका, चप्पल काढून आत बसा. रबरं बदलतो, मग पाइपमधली हवा काढायचीय. मी सांगेन तेव्हा दाबायचं."

पुढे तासभर, एकतीस वर्षं हुकूम सोडणारा माणूस अनवाणी बसून गाडीखालून येणारे हुकूम पाळत होता. दाबा. धरून ठेवा. सोडा. एकदा न सांगता सोडलं, तर खालून आवाज आला, "घाई नको, काका." बरं, म्हणाले.

अडीचला पेडल दाबलं की झटकन वर यायला लागलं. दिपालीने एकदा दाबून पाहिलं, मान डोलावली. मग डॅशबोर्डातून मार्कर काढून सासऱ्यांच्या हातात दिला. "नवीन तारीख टाका, मामा. सहीपण."

मारुतरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी उन्हावर ढकललं. वाकले, आणि आधी धम्मरत्नच्या हातातल्या डब्यावरचं तेलाचं नाव दोनदा वाचून मगच लिहायला लागले.