उत्तरेस पडीक

दत्तारामअण्णांच्या वहीत आकाशातल्या प्रत्येक गोष्टीला चतुःसीमा असायची. 'पूर्वेस त्रिकोणाच्या टोकाचा तारा. पश्चिमेस देवयानीचा लालसर तारा. दक्षिणेस मीनेचे बारीक तारे. उत्तरेस पडीक.' आणि मधोमध, शिसपेन्सिलीची पूड बोटाने घासून उठवलेला एक पुसट डाग. मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सरळ विचारलं, "अण्णा, हा कुठल्या गावच्या जमिनीचा गट?"

"हा पेणात नाय आणि रोह्यातबी नाय," अण्णा म्हणाले. "पण मोजायला काय हरकत?"

तो डाग म्हणजे त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका, आपल्यापासून कल्पनेपलीकडे लांब असलेला ताऱ्यांचा अख्खा पसारा. अण्णा पेणच्या मोजणी ऑफिसात भूमापक, मी तिथेच नकाशांच्या नकला देणारी कारकून. दोघांचं गाव एकच, खांब नाक्यापासून आत, आणि त्यांचं घर आमच्या घरामागे. रोज एकाच एसटीने जायचो. वडखळला गाडी अडकली की बाकीचे मोबाइल काढायचे, अण्णा वही काढायचे.

मोजणीच्या जागेवर माणसं त्यांना गळ घालायची, तो आंबा तेवढा आमच्यात घ्या म्हणून. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "मोजणी सांगंल तेवढंच कागदावर. आंबा तुझा आसंल तर आपसूक आत येईल." लोक चिडायचे, मागून नावं ठेवायचे. अण्णांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

भात झोडून झालं की त्यांचं खळं मोकळं व्हायचं. दिवेलागण होऊन अंधार पडला की अण्णा तिथे बाज टाकून उताणे झोपत, कोपरांखाली गोधडीची घडी घेत आणि दुर्बीण दोन्ही डोळ्यांना लावत. विजेरीला मखरातून उरलेला लाल जिलेटीन कागद गुंडाळलेला, म्हणजे वही दिसावी पण डोळे दिपू नयेत. रोह्याच्या अंगाला कंपन्यांचा उजेड आभाळात चढलेला असे. त्या दिशेला वहीत ते 'अतिक्रमण' असं लिहीत.

चित्र झालं की पंच लागायचा. नुसत्या चित्रावर त्यांचा विश्वास नव्हता. दुसऱ्या माणसाने स्वतः बघावं, दिसलं की नाही ते लिहावं आणि खाली सही करावी. काकी, म्हणजे त्यांची बायको, भाकऱ्या टाकता टाकता बाहेर येई, दुर्बिणीला डोळा लावल्यासारखं करी आणि म्हणे, "मला काय दिसत नाय, तसंच लिवा." अण्णा तसंच लिहीत. मग त्यांनी मला पंच केलं. "सरळ बघू नको गो. सरळ बघितलं की ती पळते. जरा बाजूला बघ, मग कडेनं येते."

मी बाजूला पाहिलं, वर पाहिलं, मान अवघडली. काही दिसेना. थंडी होती, भूक लागली होती आणि अण्णांचं मन मोडवत नव्हतं. मी 'दिसली' असं लिहून सही ठोकली. न बघता सही करणारे पंच मी ऑफिसात काय थोडे पाहिले होते?

दुसऱ्या दिवशी एसटीत अण्णांनी सहज विचारलं, "कशी दिसली?"

"छान. चमकत होती."

"ती चमकत नाय," ते म्हणाले. "असून नसल्यासारखी असते." मग वही उघडली, माझ्या सहीवर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'पंच गैरहजर'. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे त्यांनी माझ्याकडे पुन्हा सही मागितली नाही. ते मला फार लागलं. वडिलांनी बोलणं टाकावं तसं वाटलं.

तरी मी खळ्यात जाणं सोडलं नाही. विजेरी धरायची, अण्णांचं झालं की दुर्बीण मागून घ्यायची आणि मुकाट बघायचं. तिसऱ्या हिवाळ्यात एकदा कडेने काहीतरी आलं. काचेवर फुंकर मारल्यावर धूसर उमटतं, तेवढंच. मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं?

अण्णा निवृत्त झाले आणि डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. त्यात कडेची नजर आधी जाते. समोरचे तारे त्यांना दिसत होते, पण ज्या कडेने ती दीर्घिका यायची ती कडच गेली होती. शेवटच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी चारी बाजूंचे तारे ठिपक्याठिपक्याने मांडले, चतुःसीमा लिहिली, बराच वेळ दुर्बीण धरून पडून राहिले आणि मग वही माझ्याकडे सरकवली.

"हद्द मी घातलीय. आत काय हाय ते तू काढ."

मी खूप वेळ बघितलं. आली. मी पूड घासली, बोट फिरवलं. अण्णांनी उलटतपासणी सुरू केली. "कुठल्या अंगाला लांबट?"

"उत्तरेकडून दक्षिणेकडे. जराशी तिरकी."

"चमकते?"

"नाय अण्णा. असून नसल्यासारखी."

अण्णांनी वही घेतली, लाल उजेडात डोळ्यांजवळ धरून काहीतरी लिहिलं आणि मिटून टाकली. 'दिसली नाही' असंच लिहिलं असणार, असं मी धरून चालले. त्यांना दिसली नव्हतीच.

अण्णा भादव्यात गेले. दिवसकार्य झाल्यावर काकीने वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "शेवटच्या पानावर काय लिवलंय गो?"

मी वाचून दाखवलं. 'काढणार', म्हणजे चित्र काढणारी, या शब्दापुढे माझं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'पंच: दत्ताराम. मला दिसली नाही. हिला दिसली, हे खरे.' आणि सही.

"मग खरंच आसंल," काकी पदराने वही पुसत म्हणाली. "बघितल्याबिगर त्यांनी कधी सही केली नाय."

मी मान हलवली. बघितल्याशिवाय केलेली अण्णांची ती एकुलती एक सही माझ्याकडे आहे.