विचारलं की वाय दाबायचं

आमच्या कचेरीतल्या मशीनबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला तेव्हा खपत नसे. भंडाऱ्यात तसं मशीन दुसऱ्या कुणाकडे असलं तरी मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. युनिक्सच्या जातीची संगणकप्रणाली, एक मुख्य मशीन, त्याला वायरींनी जोडलेले चार टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक, आणि हे सगळं सांभाळणारा मी: सव्वीस वर्षांचा, साकोलीचा, नाकावर राग घेऊन फिरणारा.

कचेरीचं काम होतं तलावांच्या नोंदी करण्याचं. गावोगावचे जुने तलाव, कुणाची पाळ फुटलेली, कुणात गाळ भरलेला, कुणाखाली किती धान भिजतं, हे सगळं जाड रजिस्टरांतून मशीनमध्ये चढवायचं. चढवणाऱ्या चौघांत एक बाई होत्या, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. आंधळगावहून रोज एसटीने यायच्या. रोजंदारीवर होत्या. नोंदी वेळेत पूर्ण झाल्या तर कायम करू, असा शब्द साहेबांनी त्यांना दिला होता, आणि त्या शब्दासाठी त्या डबासुद्धा टर्मिनलसमोर बसून खायच्या.

सुरुवातीला मशीन फार रेंगाळायचं. चौघं एकदम टाइप करायला लागले की अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागायचा. मी पुस्तकं उलथीपालथी करून ते ताळ्यावर आणलं. डिस्कवर लिहायच्या गोष्टी आधी मेमरीत साठवायच्या आणि मग सवडीने उतरवायच्या, अशी त्यात सोय असते. ती मेमरीतली जागा मी चौपट केली, उतरवण्याचं अंतरही वाढवलं. मशीन पळायला लागलं. साहेबांनी चहा पाजला. मी चार दिवस हवेत होतो.

वीज गेली की काय होईल, याचा विचार केला नव्हता असं नाही. केला होता आणि बाजूला सारला होता. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पार बसायचं, आणि दिवसातून एकदा तरी दिवे जायचे. उतरायच्या राहिलेल्या गोष्टी तिथेच विरायच्या. मग मशीन पुन्हा सुरू होताना आपली डिस्क तपासायचं आणि इंग्रजीत प्रश्न विचारायचं: ही फाइल तुटकी दिसते, पुसू का? या फाइलला नाव उरलेलं नाही, जोडून घेऊ का? उत्तराला वाय दाबलं तर हो, एन दाबलं तर नाही. माझ्या सुधारणेनंतर हे प्रश्न वाढले.

शनिवारी दुपारी माझी साकोलीची गाडी असायची. एका शनिवारी नेमके दिवे गेले, आले, आणि मी पिशवी खांद्याला अडकवत असताना बाईंनी हाक मारली.

"सर, मशीन काहीतरी विचारून राहिली. काय करू?"

"काही नाही बाई. विचारलं का वाय दाबाचं."

"सगळ्याले?"

"सगळ्याले. साहेब विचारते तेव्हा आपण काय करतो? हो म्हणून मोकळं होतो ना? तसंच."

त्या हसल्या. मला माझा विनोद आवडला. आमच्या कचेरीत खरोखर तसंच चालायचं. साहेबांचा प्रश्न पुरता ऐकूनही न घेता हो म्हणणाऱ्याला तिथे कामाचा माणूस समजत. मला गाडी मिळाली. पुढे दिवे गेले की बाईच मशीन सुरू करू लागल्या, आणि मी सुटलो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी गेल्यावर पुन्हा दिवे गेले. सोमवारी आलो तेव्हा बाई दाराशीच उभ्या होत्या, पिशवी हातात तशीच.

"सर, शनिवारी लय विचारलं तिनं. अर्धा तास विचारत होती. मी दाबत गेली."

"मग?"

"मंग तलाव दिसूनच नाही राहिले."

मी मशीन उघडलं. डिस्कची केबल जागेवरून जराशी सरकली होती, कशी कोण जाणे. म्हणजे डिस्क धडधाकट होती, मशीनला ती फक्त नीट वाचता येत नव्हती. म्हणून शनिवारी त्याला सगळंच तुटकं दिसत होतं आणि एकेका फाइलसाठी ते विचारत होतं, पुसू का? पहिल्या दोन-तीन प्रश्नांना एन दाबून थांबलं असतं, मशीन बंद करून केबल खोचली असती, तर एकही तलाव गेला नसता. मी केबल खोचली. डिस्क स्वच्छ वाचता येऊ लागली. तिच्यावर जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. नोंदींची प्रत म्हणून घेतलेली शेवटची टेप तीन महिन्यांपूर्वीची होती. दर आठवड्याला टेप घेणं हेही माझंच काम होतं.

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. बाईंना विचारलं, "वाय दाबायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाई तोंड उघडायच्या आधीच मी बोललो. "प्रश्न आला तर मला विचारायचं, असं ठरलं होतं साहेब."

हे वाक्य मी घरून ठरवून आणलं नव्हतं. ते इतकं सहज निघालं, की त्या सहजपणाचीच मला आजही भीती वाटते. बाई माझ्याकडे वळल्या नाहीत. टेबलाच्या काचेकडे पाहत म्हणाल्या, "हो साहेब. सरले विचाराले पायजे होतं."

त्यांना कायम करण्याचा कागद मागे पडला, आणि मग त्याचं नावही कुणी काढेना. तीन महिन्यांच्या आपल्या नोंदी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून टाइप केल्या. मी मेमरीतली जागा कमी केली, उतरवण्याचं अंतर घटवलं, टेपा वेळेवर घेऊ लागलो. मशीन हळू झालं, पण भरवशाचं झालं. पडलेलं मशीन उभं केलं म्हणून साहेबांनी माझ्याबद्दल चांगलं लिहिलं, आणि त्याच्या जोरावर मला नागपुरात नोकरी लागली. मधल्या काळात खरं सांगायला मी केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दोन्ही वेळा परत आलो. मी भित्रा होतो, दुसरा शब्द नाही.

माझ्या शेवटच्या दिवशी सगळे निरोप घेऊन गेले. बाई थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. बोलाव्यात, असंही वाटत होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "जाच्या आधी एक काम करा. त्या मशीनले नाही कधी म्हणाचं, तेवढं मले शिकवून जा."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. कोणता प्रश्न साधा, कोणता घातकी, कुठे हात थांबवायचा, केबल कशी पाहायची, सगळं सांगितलं. मधे मधे त्यांनी शंका विचारल्या. त्यांतल्या एक-दोन माझ्या डोक्यात कधीच आल्या नव्हत्या.

सगळं समजायला त्यांना पाऊण तास लागला.