डाव्या हाताची वेणी

धाकटीच्या नवऱ्याला कारखान्यात वरच्या जागेवर चढायचं होतं आणि त्यासाठी थोरली उशा विणत होती. ऐकायला येडपट वाटेल, पण मामला सरळ होता. कुणाचं लग्न, कुणाचं नवं घर, कुणाच्या पोरीला नोकरी; निमित्त निघालं रे निघालं की धाकटी साहेब लोकांच्या घरी उशी घेऊन हजर. लोकरीचा विणलेला अभ्रा, आत कापूस ठासलेला, चार कोपऱ्यांना गोंडे. बाजारात पैसे टाकून काहीही मिळतं, पण अशी उशी हातात पडली की घेणाऱ्याला वाटतं, हिनं आपल्यासाठी बोटं झिजवली. गोंड्याला धाकटी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, 'माझ्या हातची, प्रेमानं'. त्यातलं अक्षर तेवढं तिचं होतं.

हात थोरलीचे. म्हणजे खरं तर डावा हात.

थोरली नवरा वारल्यावर धाकटीच्या बाळंतपणाला आली, ती राहिलीच. ते बाळ आता दाढी करायला लागलं होतं आणि शिकायला दुसऱ्या गावी होतं, पण थोरलीची खाट स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीतच होती. एका अंगाला चपलांचं कपाट, दुसऱ्या अंगाला कपडे धुण्याचं मशीन. मशीन पिळायला लागलं की खाट जागची हलायची. येताजाता मेहुणा चपला शोधायला वाकायचा, तेव्हा थोरली पदर सावरून उठून बसायची. दिवसातून किती वेळा उठून बसायची, ते तिचं तिलाच ठाऊक. तिला आयुष्यात आता एकच गोष्ट पाहिजे होती, दार असलेली खोली. मोठी नको, खिडकीही नसली तर नसो. आतून कडी लागली पाहिजे.

लहानपणी घरात तिला डावरी म्हणत. बाप मास्तर. पोरगी डाव्या हातानं घास उचलायला लागली की डाव्या हातावर पट्टी. पाटीवर डाव्यानं रेघ ओढली की पट्टी. पाहुणे आले की बाप नुसता डोळ्यानं खुणावायचा आणि पोरगी डावा हात पाठीमागं न्यायची. अशानं ती जेवायला, लिहायला, वाढायला उजवी झाली. विणकाम मात्र ती शेजारणीकडं शिकली. शेजारीण समोर बसायची, ही तिच्याकडं बघून आरशात बघावं तसं करायची, त्यामुळं सगळं डाव्यानं आलं. बायकांच्या त्या उद्योगाकडं बापानं कधी ढुंकून बघितलं नाही, म्हणून डावा हात तेवढा तिथं जगला. जगला आणि माजला. टाका असा बसायचा की वाटावं, लोकर आपणहून रांगेत उभी राहिलीय. उशीच्या मधोमध ती तीन पेडांची जाडजूड वेणी विणायची. इतर बायकांची वेणी ज्या बाजूनं वळते, हिची तिच्या उलट्या बाजूनं वळायची. हे आजवर फक्त लोकरवाल्याच्या ध्यानात आलं होतं. दुकानात नवी सुई हातात खेळवून बघताना तो म्हणाला होता, "ताई, तुमची गाडी उलट्या रस्त्यानं धावते की!"

तर त्या दिवशी मोठे साहेब चहाला येणार होते. सोबत त्यांची बायको आणि म्हातारी आई. म्हातारीनं स्वतःच निरोप धाडला होता, उशी विणणाऱ्या बाईला भेटायचंय. धाकटीची सकाळपासून धावपळ.

"ताई, तू चहा आणून ठेव आणि आत जा. बसू नकोस तिथं."

"का? मला काय खरूज झालीय?"

"तसं नाही गं. तू काहीतरी बोलून जातेस."

"मग काय बोलू ते लिहून दे. चिठ्ठ्या लिहायची सवय आहेच तुला."

धाकटीनं कपाळाला हात लावला. "टोमणे नंतर मार. यांना जागा मिळाली की कंपनीचं मोठं घर मिळणार. एक खोली तुझीच धर."

"दार असेल?"

"असेल बाई, दार असेल, कडी असेल, तुला हवं तर कुलूप लावून देते."

थोरली हसली. धाकटीला लहानपणी कडेवर घेऊन ती गावभर हिंडली होती. तिच्या शब्दावर विसंबायची सवय काही जाता जात नव्हती.

पाहुणे आले. म्हातारी काटकुळी, डोळ्यांवर जाड भिंगं, पण आवाज खणखणीत. सुनेला भेट आलेली उशी तिनं काखोटीला मारून आणली होती. बसल्या बसल्या ती मांडीवर घेतली आणि वेणीवरून अंगठा फिरवत धाकटीला म्हणाली, "हे तू विणलंस?"

"हो, म्हणजे वेळ मिळेल तसं," धाकटी लाजली.

"मी जन्मभर विणलं. हा नमुना माझी आई विणायची, बहिणी विणायच्या, सगळ्यांची वेणी उजवीकडून चढते. ही डावीकडून चढलीय. चूक म्हणावी तर एक टाका वाकडा नाही. शेवटचा धागासुद्धा या कोपऱ्यात जिरवलाय, आमचा त्या कोपऱ्यात येतो. ही बाई डावरी आहे." मग भिंगांतून धाकटीच्या हातातल्या कपाकडं बघितलं. कप उजव्या हातात होता. "तू डावरी आहेस?"

"विणताना तेवढी," धाकटी म्हणाली. तिला सुचण्यात कुणी हरवलं नसतं.

"आई, पुरे आता," मोठे साहेब हसत म्हणाले. "चौकशी लावलीस की काय?"

"चौकशी नाही रे. मला माणूस पाहिजे." म्हातारी सरळ बोलणारी होती. "माझी नजर गेली. बोटं शिवशिवतात, पण टाके दिसत नाहीत. मी माझ्या जुन्या घरात एकटी असते, माडीवरची खोली रिकामी आहे. अशी विणणारी कुणी येऊन राहिली तर मी तिला माझे सगळे नमुने सांगीन, ती विणील. खोली तिची. मी वर चढत नाही, गुडघे नाहीत मला. म्हणून विचारते, हात कुणाचा?"

थोरली बिस्किटांची बशी घेऊन दारातच उभी होती. खोली तिची, एवढंच तिच्या कानात शिरलं आणि तिथंच बसलं. वर कुणी चढत नाही. तिला चपलांचं कपाट दिसलं, मशीन दिसलं.

धाकटी हसत होती, पण हसू ओठांवर वाळून गेलं होतं. मेहुण्यानं कप तोंडापाशी नेला होता तो तिथंच थांबला.

म्हातारीनं पिशवीतून सुया काढल्या. सुयांवर अर्धवट काहीतरी होतं, पांढऱ्या लोकरीचं. "माझा टाका सुटलाय कुठंतरी. उचलून दे गं जरा," असं म्हणून तिनं ते धाकटीपुढं केलं.

"अहो, माझं बोट कापलंय सकाळी," धाकटी म्हणाली.

"मग तू दे." सुया थोरलीपुढं आल्या.

पुढचं जे झालं, त्याचा थोरलीनं पुढं पुष्कळदा विचार केला. धाकटीची इज्जत जाईल, मेहुण्याची जागा जाईल, म्हातारी आज आहे उद्या नाही, मग आपण कुठं जाणार, असले हिशेब तिनं नंतर जुळवले. त्या घडीला तिनं कसलाही विचार केला नव्हता. भारी कपड्यातली तीन मोठी माणसं तिच्याकडं बघत होती, पाहुणे आले होते. आणि तिचा डावा हात आपोआप पाठीमागं गेला. तिनं सुया उजव्यानं घेतल्या. घेतल्या कसल्या, मुठीत धरल्या, लाटणं धरावं तशा. सुटलेला टाका तिला लगेच दिसला होता, तिसऱ्या रांगेत होता. उजव्या हातानं तो उचलायला गेली आणि बाजूचे दोन घरंगळले.

"अगं ताई!" धाकटीच्या जिवात जीव आला. "तिला कुठं येतंय! तिचं सगळं लक्ष स्वयंपाकात. सुई दिली तर भेंडी टोचील."

सगळे हसले. थोरलीही हसली.

म्हातारी नाही हसली. तिनं सुया परत घेतल्या, सांडलेले टाके बोटांनी चाचपले आणि सावकाश विचारलं, "तुझा नव्हे ना हात?"

ही दुसरी संधी होती. डावा हात पाठीमागं पदराचं टोक पिळत होता.

"नाही आजी. तिचाच."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि चहा न संपवता उठली.

ते गेल्यावर धाकटीनं थोरलीला मिठी मारली, रडलीसुद्धा. थोरलीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. मग डोळे पुसून धाकटी म्हणाली, "पण ताई, आता एक कर. यापुढं उजव्या हातानं विण. म्हातारीनं सुनेला सांगितलं असणार, उद्या कुणी पुन्हा बोट ठेवलं तर मी कुठवर बोटं कापून घेऊ?"

"माझ्यानं नाही होणार."

"लिहायला शिकलीस, जेवायला शिकलीस. हे काय जड आहे?"

बाप मेला त्याला वर्षं लोटली होती, आणि त्याची पट्टी अशी घरातच कुणीतरी सांभाळून ठेवली होती.

थोरली शिकली. उजव्या हातात सुई धरली की टाका एक घट्ट, एक सैल, वेणी सुजल्यागत दिसायची. ती उसवायची, परत घालायची. मेहुण्याला जागा मिळाली. मोठं घर मिळालं. त्यातल्या जादाच्या खोलीत मेहुण्याचं टेबल आणि व्यायामाची सायकल गेली. "तात्पुरतं गं," धाकटी म्हणाली. थोरलीची खाट इथंही बोळकांडीतच लागली. बोळकांडी मात्र पहिल्यापेक्षा रुंद होती, हे धाकटीनं आवर्जून दाखवलं.

लोकर संपली म्हणून ती दुकानात गेली, तर लोकरवाला गल्ल्यावरून उठून पुढं आला.

"ताई, एक म्हातारी आली होती, जाड चष्मा. विचारत होती, तुमच्याकडं डावरी कुणी येते का. मी म्हटलं, येते एक, हातात कसब आहे. तुमचंच वर्णन केलं."

"मग?" थोरली म्हणाली.

"म्हणाली, वाटलंच मला. माझ्यासमोर टाके सांडले तिनं." लोकरवाला घुटमळला. "मी म्हटलं, पत्ता देऊ का? तर म्हणाली, नको. तोंडावर खोटं बोलणारी बाई घरात घेऊन काय करू? दुसरी ठेवली म्हणे कुणीतरी. तिला विणता येत नाही, पण खरं बोलते."

"खरं बोलायला जागा लागते पायाखाली," थोरली म्हणाली. "तिला सांगा आली तर."

"आता ती कशाला येतेय? विणणारं कुणी नाही तिच्याकडं." त्यानं लोकरीचे गुंडे पुढं केले. "नेहमीची देऊ ना, मऊ?"

"कसलीही द्या."

त्या लोकरीची उशी मोठ्या साहेबांच्या लेकीच्या नव्या घरी गेली. उजव्या हाताची पहिलीच. कडा वाकड्या, वेणी एका अंगाला कलंडलेली, मधेच एक टाका राहिलेला. थोरलीनं तो मुद्दाम तसाच ठेवला होता. निदान हिला तरी कुणी नाक मुरडील, म्हणेल, हात बिघडला वाटतं बाईचा. मग आधीचा हात चांगला होता, एवढं तरी कुणाच्या तोंडून निघेल. ती दोन दिवस वाट बघत होती.

लेकीचा फोन आला. धाकटीनं थोरलीला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"काकू, किती सुरेख! आई म्हणालीच होती, तुमच्या हातात जादू आहे. आमच्याकडं येणारा प्रत्येक जण विचारतो. आईच्या उशीसारखीच झालीय, अगदी तश्शीच!"

"अगं, त्यात काय, बसल्या बसल्या होतं," धाकटी म्हणाली.

आतल्या अंधारात थोरली ऐकत होती. तेच शब्द होते. वर्षानुवर्षं डाव्या हाताला मिळाले ते, एकही इकडचा तिकडं नाही. म्हणजे आजवर कुणी बघितलंच नव्हतं. बघितलं होतं एकीनं, आणि तिच्या तोंडावर आपण नाही म्हणून बसलो.

फोन ठेवून धाकटी लोकरीची पिशवी घेऊन आत आली, खाटेवर टाकली. "पुढच्या आठवड्यात वाढदिवस आहे कुणाचातरी. घाई कर. अगदी नीट नाही झाली तरी चालतंय, बघितलंस ना?"

"बघितलं," थोरली म्हणाली.

मेहुणा चपला शोधायला आत आला. तिनं पाय वर घेतले, पदर सावरला, आणि सुया उचलून टाके घालायला लागली. उजव्या हातानं.