सिस्टर माझ्याकडे शिकायच्या

“बाई, चुकलं? मग धरा कान!” असं म्हणून सिस्टर डोकं खाली वाकवायच्या आणि पांढरे केस मागे सारून कान पुढे करायच्या. मी तेव्हा बावीस वर्षांची, परळच्या एका लेडीज होस्टेलात पोळ्या लाटणारी. त्या रिटायर नर्स. मी कसला धरते कान? पण त्या तशाच वाकून राहायच्या. शेवटी पिठाच्या बोटाने नुसता शिवायचे. कानाला पीठ लागलं की शब्द पाठ झाला, असं त्यांचं गणित.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, देवाचं काम करायला लांब जातात ती. गेल्यावरची पाहिली असतील. मी पाहिली ती जाण्याआधीची.

भोईवाड्याच्या चाळीत त्या एकट्या राहायच्या. दर गुरुवारी होस्टेलच्या मुलींचं बीपी बघायला यायच्या. एकदा मला तव्याचा चटका बसला आणि तोंडातून आमच्या बोलीतली शिवी निघाली. मलम लावता लावता त्यांनी विचारलं, “ही कुठली भाषा गं?”

“आमची. सातपुड्यातली. धडगावकडची.”

त्या खालीच बसल्या. त्यांना तिकडेच जायचं होतं, आमच्या डोंगरात. मलमपट्टी करायला आणि येशूचं सांगायला. “देवाने पाठवलं तुला,” म्हणाल्या.

“मला मुकादमाने आणलं,” मी म्हटलं. खरंच होतं ते. लालबागच्या टॉवरवर विटा वाहायला आणलं होतं, सहावीतून उठवून. इमारत झाली, मुकादम गेला, मी राहिले.

त्या दिवसापासून दुपारी भांडी झाली की शिकवणी. शिकवणीत त्या मला “अहो बाई” म्हणायच्या. संपली की परत “अगं ए”. मला आयुष्यात कुणी बाई म्हटलं नव्हतं. मला भीतीच वाटायची, कुणी ऐकेल आणि हसेल. हसायचेच. आमच्या स्वयंपाकीण मावशी म्हणायच्या, “बाटवायला आलीय तुला. बघ हां.”

सिस्टरांचा मुलगा शीवला राहायचा. तो येऊन म्हणायचा, “आई, या वयात जंगलात? नातवंडं कोण सांभाळणार?” सिस्टर म्हणायच्या, “त्यांना आई आहे.” आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चाळीचे तीन मजले चढायच्या. सवय व्हावी म्हणून. नळ घरात होता.

शब्द त्या भराभर शिकल्या. पण एक चूक काही केल्या जाईना. मी सांगितलं होतं, आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात घुसायचं नाही. अंगणात थांबायचं. खाट टाकतील तिच्यावर बसायचं, दिलेलं पाणी प्यायचं, मग बोलायचं. आम्ही मागच्या दारात, गॅसच्या बाटल्यांजवळ, त्याची तालीम करायचो. मी घरवाली, त्या पाहुण्या. त्या यायच्या आणि सरळ आत शिरून माझं मनगट धरायच्या. नाडी! जन्मभर वॉर्डात कुणाला विचारून खाटेजवळ गेल्या होत्या?

“सिस्टर, अंगण!”

“अगं, पण पेशंट आत असेल तर?”

“असू दे. आधी अंगण.”

मग त्या दाराबाहेर उभ्या राहायच्या, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. हात पुढे जाऊ नयेत म्हणून.

एकदाच आमचं वाजलं. आमच्यात मोहाची दारू घेताना पहिले थेंब जमिनीवर सांडतात, पूर्वजांना. कोकम सरबत घेऊन मी दाखवलं. त्यांनी ग्लास धरला, पण सांडेनात.

“हे माझ्या हाताने नाही होणार, बाई.”

माझं डोकं फिरलं. “मग आमच्या घरात येता कशाला?”

“तुझ्या पूर्वजांना तू दे. मी शेजारी उभी राहीन. हसणार नाही, तोंड फिरवणार नाही. पण खोटं नाही करणार.”

“आणि आम्ही तुमच्या प्रार्थनेत नाही बसलो तर?”

“नका बसू. पट्टी तेवढीच नीट बांधीन.”

दोन दिवस मी शिकवणी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना बसायला पाट मांडला.

पुढे दादरला मिशनच्या कमिटीसमोर त्यांची मुलाखत होती. कमिटीचं पत्र मिळालं तर तिकडे खोली आणि दवाखान्यात काम, नाही तर काही नाही. सिस्टर मला सोबत घेऊन गेल्या. टेबलापलीकडे तिघं. मधल्या साहेबांनी विचारलं, “भाषा कुणाकडे शिकलात?”

“ह्या माझ्या बाई.”

“शिक्षण?”

“सहावी,” मी म्हटलं. “ती पण अर्धी.”

“ख्रिस्ती?”

“नाही. होणारही नाही.” हे कसं निघालं तोंडातून, मला माहीत नाही.

साहेब सिस्टरांकडे वळले. “आमचे एक सर आहेत. त्यांनी त्या भाषेवर पुस्तक लिहिलंय. हिला सोडा, सहा महिने त्यांच्याकडे शिका, मग पत्र देतो.”

“सरांच्या घरी ही भाषा बोलतात?”

“पुस्तक आहे म्हटलं ना.”

“मग पुस्तकालाच पाठवा,” सिस्टर म्हणाल्या आणि उठल्या.

पत्र मिळालं नाही. जिन्यात मी रडायला लागले. “माझ्यामुळे गेलं सगळं.”

“गप. पेन्शन माझी, पाय माझे. कोण अडवतंय? आणि त्यांच्यासमोर खरं बोललीस, ते आता रडून भिजवू नकोस.”

महिन्याभरात त्या गेल्या. कमिटीशिवाय, मुलाशिवाय. आमच्या बाजाराच्या गावात स्वतः खोली घेतली आणि एका डॉक्टरांकडे बिनपगारी उभ्या राहिल्या. चाळीतली खोली आता दुसऱ्या कुणाची आहे. गुरुवारी बीपी बघायला यंत्र घेऊन एक पोरगी येते. माझ्याशी हिंदीत बोलते.

मावशी अजून चिडवतात, “काय गं, किती बाटवले तुझ्या सिस्टरने?” मी म्हणते, “जाऊन मोजून या. पण पाणी डोक्यावर आणावं लागेल.”

परवा आईला फोन लागला. डोंगरावर चढून बोलत होती, धापा टाकत. तिच्या पायाचा जुना फोड बरा झालाय. मी भीत भीत विचारलं, “ती पट्टी बांधणारी बाई देवाचं बोलते का गं?”

“बोलते की. रोज.”

“आणि तू?”

“मी कशाला ऐकू? माझे देव काय मेले?” आई म्हणाली. “उद्या पुन्हा येणार आहे.”

“मग तू काय म्हणालीस?”

“जेवायलाच ये म्हटलं.”