कलघटगीचा शेवटचा बॉल

मंगळवारी सकाळी हे धारवाडजवळ रायापूरला बससाठी उभे होते. तिथे पडले. लोकांनी ह्यांच्या खिशातला मोबाइल काढला आणि ह्यांनी शेवटी ज्याला फोन केला होता त्याला लावला. तो लिफ्टरला लागला. लिफ्टर आला, ह्यांना दवाखान्यात घेऊन गेला. मी पोचले तेव्हा हे गेले होते.

लिफ्टर हा ह्यांचा मित्र. व्हॉलीबॉलमध्ये जो नेटजवळ उभा राहून दुसऱ्याला मारण्यासाठी बॉल वर उचलून देतो, त्याला आमच्याकडे लिफ्टर म्हणतात. मारतो तो स्मॅशर. हे स्मॅशर होते. बॉल कुणाला द्यायचा हे लिफ्टर ठरवतो आणि स्मॅशरनं हवेत उडी घेऊन वाट पाहायची असते. कॉलेजात असल्यापासून दोघे एका संघात खेळले. मी त्याला समोर भावजी म्हणत असे, पण मनात तो माझ्यासाठी कायम लिफ्टरच होता. विमा कचेरीत नोकरी करणारा, घरी कानडी बोलणारा आणि आमच्याकडे आला की तितकंच सरळ मराठी बोलणारा माणूस.

बाराव्यापर्यंत तो रोज आमच्या सप्तापूरच्या घरी येत होता. जुने खेळाडू यायचे, माझ्यासमोर हात जोडायचे आणि त्याला मिठी मारायचे. "तुझा स्मॅशर गेला रे," असं एकजण त्याला म्हणाला आणि तो व्हरांड्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडला. ह्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, ते आवडलं नाही. स्वयंपाकघरात येऊन त्या मला म्हणाल्या, "कोण गं हा? तुझ्यापेक्षा जास्त रडतोय."

मला रडू येत नव्हतं. आतल्या खोलीत बसून मी त्याचं रडणं ऐकत होते, आणि मला दुःखाच्याही आधी त्याचा हेवा वाटला. हेवा जुना होता. हे असताना तो फक्त रविवारचा होता.

लग्न होऊन वर्ष झालं होतं तेव्हा कलघटगीला जत्रेच्या निमित्तानं सामने भरले. नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. ह्यांचा संघ उपांत्य सामन्यात होता. संघाबरोबर मीही गेले आणि मैदानाकडेच्या शाळेच्या व्हरांड्यात, बायकांच्या बाजूला, पुस्तक घेऊन बसले. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी असल्यामुळे पिशवीत पुस्तक असायचंच. तिसऱ्या सेटपर्यंत मी ते मिटलं होतं.

शेवटच्या सेटमध्ये आमचे तेरा होते, त्यांचे चौदा. त्यांची सर्व्हिस आली. मागच्यानं ती कशीबशी उचलली, बॉल नेटपासून लांब गेला, लिफ्टर त्याच्याखाली धावला. हे डावीकडे होते, ज्याला चार नंबर म्हणतात तिथे. धावत येऊन ह्यांनी उडी घेतली. ह्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं, पण लोकांच्या आरड्यात शब्द ऐकू आला नाही. लिफ्टरनं पाठ वाकवली आणि बॉल डोक्यावरून मागे, उजवीकडे दोन नंबरवरच्या डावखुऱ्याला दिला. त्यानं तो रेषेबाहेर मारला आणि सामना गेला. हे तोवर रिकामा हात फिरवून खाली आले होते.

परतीच्या बसमध्ये लिफ्टर पुढे बसला, आम्ही मागे. धारवाड जवळ आलं तेव्हा हे मला म्हणाले, "मी बॉल मागायला ओरडलो होतो. 'वेड्या' म्हणून ओरडलो. कोर्टावर आम्ही मराठी कधी बोलत नाही, पण तोंडातून तेच आलं." आणि खिडकीकडे वळले.

हे खरं होतं. कोर्टावर त्यांची सगळी बोली कानडी. आजूबाजूचे सगळे कानडी, पंच कानडी, संघातले दोघेतिघेच मराठी. "वेड्या" हा कोर्टाबाहेरचा शब्द होता, आमच्या दारातला. लिफ्टर रविवारी आला की हे आतूनच ओरडत, "काय रे वेड्या, आज उशीर?" आणि तो चप्पल काढता काढता म्हणे, "वेड्याला घड्याळ कुठलं?" मला हे "अगं" म्हणत. चौदा वर्षांच्या संसारात मला हे एकदाही वेडी म्हणाले नाहीत.

पुढच्याच रविवारी वाद सुरू झाला, आणि तो हे जाईपर्यंत संपला नाही. चहाच्या टेबलावर रुमालाची घडी म्हणजे नेट, दोन कप म्हणजे ब्लॉक, नेटपलीकडे हात उभारून बॉल अडवणारे दोघे, चमचा म्हणजे हे, आणि बिस्किटाचा पुडा म्हणजे तो डावखुरा.

"तुझ्या जागी नेटचा खांब असता तरी बॉल चारला आला असता!" हे म्हणत.

"मग खांबाबरोबरच खेळायचं होतं की. खांब काही रविवारी चहाला येत नाही."

"मी कॉल दिला होता."

"दिला होतास."

"ऐकलास ना?"

"ऐकला."

"मग?"

"मग काय लेका, समोर दोन माणसांचा ब्लॉक. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं बॉल चारला जाणार. आंधळ्यालासुद्धा."

"ब्लॉक असू दे की! हातावर मारून बाहेर काढला असता. किती वेळा काढलाय!"

"आणि गुडघा? त्या दिवशी लंगडत होतास."

"कोण लंगडत होता?"

असं ते चालायचं. इतर दिवशी हे कमी बोलत. भाजीत मीठ कमी असलं तर तेवढं सांगत, कचेरीत काय झालं ते विचारलं तर "काही नाही" म्हणत. मी वाचलेलं एखादं पुस्तक फार आवडलं आणि त्याबद्दल सांगू लागले की शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "छान असेल." रविवारी मात्र ह्यांचा आवाज बदले. हात हलत. हे उठून उभे राहत आणि दिवाणखान्यात उडी घेऊन दाखवत, खालचे भाडेकरू वर येईपर्यंत. त्या दोन तासांतला माणूस माझ्या वाट्याला आठवड्यात कधीच यायचा नाही. मी स्वयंपाकघरात कणीक मळत तो ऐकायची.

एकदा मी ग्रंथालयातून खेळांच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि व्हॉलीबॉलचं प्रकरण नीट वाचलं. त्या रविवारी कपबशा उचलताना मी म्हणाले, "पास नेटपासून लांब आल्यावर मागे लिफ्ट करणं जास्त धोक्याचं, नाही का?"

दोघेही माझ्याकडे पाहत राहिले. लिफ्टर म्हणाला, "यप्पा! वैनीसुद्धा तुझ्याकडून!" आणि हसला. हे हसले नाहीत. चमचा सरळ करत म्हणाले, "अगं, अजून अर्धा अर्धा कप टाक ना." मी चहा टाकला. पुस्तक सोमवारी परत केलं.

बारावं झालं, अक्का बेळगावला परत गेल्या, आणि त्या रविवारी दारात लिफ्टर उभा. मला वाटलं भेटून जाईल. तो आपल्या खुर्चीत बसला. मी चहा ठेवला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत खिशातून रुमाल काढून त्यानं टेबलावर घडी घातली. आपण काय करतोय हे लक्षात आलं तसा तो रुमाल उचलायला लागला.

"राहू द्या," मी म्हणाले. "मी कॉल दिला होता."

ते माझ्या तोंडून कसं आलं, सांगता येत नाही. ह्यांची सगळी वाक्यं मला पाठ होती. तो दचकला, मग हळूच म्हणाला, "दिला होतास." मग सावरून, "दिला होता त्यानं, वैनी."

पुढचे काही रविवार असेच गेले. तो त्याची बाजू मांडायचा, मी ह्यांची. कधी मी एखादं वाक्य चुकले की तो दुरुस्त करी. "नाही वैनी, इथं तो टेबलावर हात आपटायचा." माझ्या नवऱ्यानं कुठे हात आपटायचा ते हा मला सांगत होता. मी आपटत नसे.

एका रविवारी वाद "ऐकलास ना?" पर्यंत आला आणि तो पुढचं बोललाच नाही. कपातला चहा संपला होता तरी कप हातात धरून बसला.

"वैनी, आता तो नाही म्हणून सांगतो. कुणाला सांगितलं नाही, आमच्या घरीसुद्धा नाही. ब्लॉक, गुडघा, सगळं मी मागाहून जोडलेलं आहे. त्यानं बॉल मागितलाच नव्हता. तो नको म्हणाला होता."

"नको?"

"'ब्याड' म्हणाला. मोठ्यानं. मी स्वच्छ ऐकलं. घाबरला होता वैनी तो. चौदावर बॉल, सगळं गाव ओरडतंय, घाबरतो माणूस. दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाला, 'मी कॉल दिला होता.' मी समजलो, ह्याला ते विसरायचंय. म्हटलं, दोष माझ्यावर राहू दे. म्हणून ब्लॉकचं कारण काढलं. पुढं तेच धरून ठेवलं."

ब्याड म्हणजे नको. धारवाडात हा शब्द भाजीवाल्यापासून शाळेतल्या मुलांपर्यंत दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. मला तो एका क्षणात कळला आणि दुसऱ्या क्षणात त्याखालचा शब्दही कळला. वेड्या. लांबून, गोंगाटात, ओढून ओरडलेला वेड्या. इकडे जुन्या बोलण्यात व आणि ब एकमेकांच्या जागी येतात, हे मी शब्दकोशांत कितीदा पाहिलं होतं. कोर्टावर कानडीसाठी लावलेल्या कानाला दुसरं काय ऐकू येणार? हे बॉल मागत होते, आणि ह्यानं नकार ऐकला.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि त्याचा कप विसळला.

आठवडाभर मी ते माझ्याजवळ ठेवलं. ग्रंथालयात कार्डं लावताना, भात उकळताना, मला आठवे की ह्यांची एक गोष्ट अशी आहे जी लिफ्टरला ठाऊक नाही. बसमध्ये ह्यांनी ती मला सांगितली होती, त्याला नव्हे. फोन त्याला गेला, दवाखान्यात हात त्यानं धरला, मिठ्या त्याला मारल्या गेल्या. हा एवढा शब्द माझ्याकडे होता. पुढच्या रविवारी तो आला तेव्हाही मी बोलले नाही.

पण दुसरी गोष्ट मला झोंबू लागली. त्याच्याकडे घाबरलेले हे होते. मला ते कधी भेटले नव्हते. भीती वाटली तर हे मला सांगत नसत, आणि ह्या माणसानं ह्यांची भीती सांभाळून ठेवली होती, तिच्यापायी इतकी वर्षं स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलं होतं. तो ते सांगत होता तेव्हा त्याच्या तोंडावर जी माया होती, ती पाहून माझा जीव जळला. आणि तो घाबरलेला माणूस तर मुळात नव्हताच. कुणी घाबरलं नव्हतं. ह्यांचा एक भाग त्याच्याकडे होता जो माझ्याकडे नव्हता, आणि तो खोटा होता. मला तो काढून घ्यायचा होता. उदारपणानं सांगितलं, असं कुणी समजू नये.

त्यापुढच्या रविवारी मी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "ते ब्याड म्हणाले नाहीत, भावजी. वेड्या म्हणाले. मला बसमध्ये सांगितलं होतं. तोंडातून मराठी आलं म्हणून."

त्यानं ओठ हलवले. आधी एक शब्द, मग दुसरा. पुन्हा पहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कोर्टावर?"

"कोर्टावर."

"मला वेड्या म्हणाला? एवढ्या लोकांत?"

"हो."

"मग मी..." तो उठून खिडकीशी गेला. "मी ऐकलं असतं तर दिला असता की वैनी. डोळे मिटून दिला असता."

"आणि ब्लॉक?"

"ब्लॉकचं काय घेऊन बसलात!" तो ओरडला, आणि मग हसायला लागला, आणि हसता हसता खिडकीचा गज धरून रडायला लागला. "वेड्या म्हणाला आणि मी... हौद की, खरंच की, मी वेडाच. बरोबर म्हणाला."

मी काढून घ्यायला गेले होते. माझ्या हातातलं होतं तेही त्याला देऊन बसले. चूक त्याची ठरली होती, सामना त्याच्यामुळे गेला होता, तरी त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलं ते दुःखाबरोबर सुखही होतं. संकटात माणसाच्या तोंडी मातृभाषा येते म्हणतात. ह्यांच्या तोंडी ती आली तेव्हा तिच्यात हा होता. मी शाळेच्या व्हरांड्यात होते.

जाताना दारात थांबून त्यानं मला विचारलं, "बसमध्ये आणखी काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. खोटं सांगण्याइतकंही माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

आता लिफ्टर महिन्यातून एखाद्या रविवारी येतो. चहा पितो. ब्लॉकचा विषय निघत नाही, आणि आम्हा दोघांना दुसरं बोलायला फारसं नसतं. हे नाहीत. मला त्याचा हेवा वाटतो.