राखून ठेवलेला बारावा हात

माझ्या खापरपणजोबांनी संस्थानच्या पलटणीत नोकरी केली. बंदुकीला संगीन लावून तलवारवाल्याशी कसं भिडायचं, ही कवायत ते घरी घेऊन आले आणि ती बापाकडून पोराकडे उतरत राहिली. माझ्या वडलांना, आबांना, पोरगा नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. खरी बंदूक केव्हाच गेली. गडमुडशिंगीच्या आमच्या परसात मी सागवानी बंदुकीवर शिकले.

कवायतीचे हात एकूण बारा. आबांनी मला अकरा दिले. बारावा मी एकदाच, दसऱ्याच्या गर्दीतून मान उंचावून पाहिला होता. मागितला की म्हणायचे, "वस्तादानं एक डाव राखून ठेवायचा असतोय. आन् घाई कसली? मी काय पळून चाललोय व्हय?"

पळाले नाहीतच. गेल्या श्रावणात लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आबा वाचले म्हणून आई देवळात अंबाबाईची ओटी भरायला निघाली. मी मात्र, सांगायला लाज वाटते, बाराव्या हाताच्या काळजीत होते. माझ्या पिढीत ही कवायत बुडाली तर तोंड कुठं लपवू?

रोज सकाळी त्यांना परसात खुर्चीवर बसवायचे. मग बारावा हात आठवेल तसा करायचा: वार बंदुकीच्या दस्त्यावर झेलायचा, गिरकी घ्यायची, संगीन पुढे काढायची. "आबा, बरोबर असलं तर मान हलवा." ते नुसते बघत राहायचे. मी विनवण्या केल्या, रडले, एकदा तर ओरडलेही.

आई चिडली. "त्येंना जरा दम खाऊ दे की! माणूस हाईत का पुस्तक?"

"पुस्तक असते तर बरं झालं असतं," मी म्हणाले. तो शब्द आजही खुपतो.

मग एका सकाळी मी गिरकी डावीकडून घेतली आणि आबांनी मान हलवली. पुन्हा केली, पुन्हा हलवली. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. चार पिढ्यांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आईनं चहात आलं जास्त घातलं.

पण माझी तालीम आबांच्याच हातची. शिष्य पक्का झाला का बघायला ते मुद्दाम चुकीचा हात करायचे आणि विचारायचे, "बरोबर हाय का?" त्याच सवयीनं दुसऱ्या दिवशी मी गिरकी उजवीकडून घेतली. आबांनी मान हलवली. गिरकी गाळलीच. तरीही हलवली. डोळ्यांत तेच कौतुक.

शेवटी मी बंदूक उलटी धरली, दस्ता पुढे आणि संगीन माझ्याच छातीकडे.

"आबा, बरोबर हाय का?"

आबांनी मान हलवली.