एका हुकाचा पट्टा

माझा धाकटा भाऊ घरांवर सौर पॅनेल बसवायचा. चिंचोटीकडच्या एका बंगल्याच्या पत्र्यावरून पडून तो गेला. त्याच्या मातीनंतर आठव्या दिवशी ठेकेदाराचा माणूस सांडोरला आमच्या घरी आला आणि आईच्या हातात एक कागद देऊन गेला. कामगाराने सुरक्षा पट्ट्याचा हूक दोराला लावलेला नव्हता, अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली आईच्या सहीसाठी जागा सोडली होती.

आईला वाचता येतं, तरी तिने कागद माझ्याकडे सरकवला. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. घरात आलेल्या प्रत्येक कागदाचं काय करायचं ते मी सांगते.

“खरं आहे का गं हे?” तिने विचारलं.

“तो तसाच होता,” मी म्हणाले.

किती सहज म्हणाले. सायकलला कुलूप न लावणारा, तापाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडणारा, रविवारी चर्चमध्ये मिस्सेला उशिरा येऊन मागच्या खांबाला टेकून उभा राहणारा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर होता. तीस वर्षं मी त्याला या गोष्टींवरून बोलत आले होते. आईने पेन शोधायला ड्रॉवर उघडला, तेव्हा मात्र माझं मन कचरलं. “थांब,” मी म्हणाले, “मला आधी नीट कळू दे.” आई थांबली. मी सांगेन तेव्हा ती सही करणार होती.

त्याच्या सोबत काम करणाऱ्यांपैकी कोणी फोन उचलत नव्हतं. म्हणून मनवेलपाड्यात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शनिवार-रविवारी सौर पॅनेल बसवण्याचं प्रशिक्षण मिळतं, तिथे मी नाव घातलं. तिथून पास झालेली माणसं याच ठेकेदाराकडे कामाला लागतात, हे मला भावाकडूनच ठाऊक होतं. मी त्याची बहीण आहे हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

शिकवणारे सर मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत आणि मी त्यांना. माझे काळे कपडे पाहून ते म्हणाले, “मॅडम, छतावर काळं घालून जाल तर भाजून निघाल. पॅनेल वेगळं आणि माणूस वेगळा.” वर्ग हसला. आमच्यात घरचं माणूस गेलं की वर्षभर काळं घालतात, हे मी समजावून सांगितलं नाही. मला त्यांना काहीच समजावून सांगायचं नव्हतं.

वहीतलं सगळं मला पटकन येत गेलं. कोणत्या दिशेला किती कल द्यायचा, पॅनेल एकामागोमाग जोडली तर काय वाढतं, शेजारच्या टाकीची सावली कोपऱ्यावर पडली तर सगळी रांग कशी सुस्तावते. सरांना ते सहन होत नसे. मी बरोबर उत्तर दिलं की ते मला केबल सोलायला बसवत. तांब्याची एक तार तुटली तरी “पुन्हा”. माझ्या बाजूला बसणारा मनवेलपाड्याचाच एक वायरमन होता. तो हळूच म्हणायचा, “ताई, पेपर तुम्ही लिहा, पकड मी धरतो. दोघांना मिळून एक सर्टिफिकेट देतील.” त्याच्यावरही मी हसले नाही. उन्हात ठेवलेल्या पॅनेलला मीटर लावला आणि आकडा चढताना पाहिला, तेव्हा एकदाच मला मनापासून आनंद झाला. लगेच त्या आनंदाचा राग आला.

पाचव्या आठवड्यात सुरक्षेचा धडा होता. भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरा पट्टा टांगलेला असे. सरांनी तो काढला नाही, पट्टीने नुसता दाखवला. त्याला दोन दोऱ्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक हूक. छतावर खांबाखांबांना बांधून एक दोर ताणतात, त्यावर हूक अडकवून चालायचं. खांब आला की दुसरा हूक पलीकडे लावायचा, मगच पहिला काढायचा. म्हणजे माणूस कधीच मोकळा राहत नाही.

मग ते म्हणाले, “नाही लावला तर काय होतं? चिंचोटीला एक जण गेला. हूक लावायचा कंटाळा. असला माणूस स्वतः मरतो आणि ठेकेदाराला अडकवतो.”

मी वहीत लिहून घेतलं. अक्षर न बिघडता, पूर्ण वाक्य लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी भावाच्या सामानाची पिशवी उघडली. इस्पितळातून आणल्यापासून ती कपाटावर तशीच होती. डबा, टेस्टर, मोजे आणि पट्टा. पट्ट्याला एकच दोरी होती. दुसरी जिथून निघायला हवी तिथे दोन बोटांचा तुकडा उरला होता, कापून टोक लायटरने भाजलेलं, धागे सुटू नयेत म्हणून. ते काम नीटनेटकं केलेलं होतं. मी बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत बसले. आईला दाखवलं नाही. त्यानेच कापलं असेल, असंही माझ्या मनात आलं. तेव्हाही मी त्याच्या बाजूने नव्हते.

प्रात्यक्षिक परीक्षा त्याच इमारतीच्या गच्चीवर होती. आमच्याकडच्या बहुतेक इमारतींवर असते तशी गळतीवर उपाय म्हणून बांधलेली पत्र्याची शेड होती, तिच्यावर चढून पॅनेलची चौकट कसायची होती. वायरमनने मला पट्टा दिला. त्याला एक दोरी होती आणि एक हूक. दुसऱ्या बाजूला तेच भाजलेलं टोक.

“याचा दुसरा हूक कुठे?” मी विचारलं.

“माझ्या पट्ट्याला,” तो म्हणाला आणि दाखवला. “एका पट्ट्याच्या दोन दोऱ्या दोघांना. साधा कमरपट्टा घ्यायचा, त्याला शिवून टाकायची. साइटवर पण असंच असतं, ताई. ठेकेदार पट्टे असेच देतो.”

“तोच करून देतो?”

“मग? गोदामात शिवणारा बसवलाय.”

मी चढले. पहिल्या खांबापर्यंत गेले. पुढे जायचं तर हूक काढून खांबाच्या पलीकडे लावायचा, आणि तेवढा वेळ पत्र्यावर कशालाही न बांधता उभं राहायचं. पत्रा पायाखाली तापला होता आणि किंचित दबत होता. सगळे जण दर खांबाला हेच करत होते. माझा भाऊ रोज कितीदा करत असेल.

खालून सर ओरडले, “मॅडम, पुढे! छतावर वाचन करायचं नसतं.”

“दुसरा हूक द्या, जाते.”

“नापास करीन.”

“करा. चिंचोटीचा तो माझा भाऊ होता. त्याच्या पट्ट्यालाही एकच हूक आहे.”

सरांनी हातातला कागद दुमडला. “मग तर तुम्हाला जास्त जपून चालता यायला पाहिजे होतं,” ते म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

खाली उतरल्यावर मी वायरमनला विचारलं, गोदामातली गोष्ट लिहून देशील का. त्याने पकड पिशवीत टाकली. “ताई, एक तारखेपासून तिथेच लागतोय मी,” तो म्हणाला. त्याने मान वर केली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही, पण त्याला माफ केलं नाही.

घरी आल्यावर मी भावाचा पट्टा आईपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. कागदातलं वाक्य खरं आहे, हेही सांगितलं: तो पडला तेव्हा हूक लावलेला नसणार. एकाच हुकाने खांब ओलांडताना तो लावलेला राहूच शकत नव्हता.

आईने ते भाजलेलं टोक चाचपलं. “म्हणजे त्याची चूक नव्हती.”

“नव्हती.”

“तू म्हणालीस, तो तसाच होता.”

मी पट्ट्याची दोरी गुंडाळू लागले.

“तुझ्या शब्दावर मी सही करणार होते,” ती म्हणाली. “माझ्या पोरावर. तू शिकलेली म्हणून.”

ठेकेदाराचा माणूस त्या आठवड्यात आला, तेव्हा आई मला न बोलावता फाटकापर्यंत गेली. तिने त्याला आत घेतलं नाही. कागद परत देत ती चढ्या आवाजात म्हणाली, “शिवणाऱ्याला घेऊन ये इथे. त्याच्यासमोर विचार कोणाची चूक ते.” तो काही बोलू लागला, तर तिने फाटक लावून घेतलं.

मग ती आत आली, माझ्या खुर्चीजवळून गेली आणि स्वयंपाकघरात भांडी घासू लागली. मी मदतीला उठले. “राहू दे,” ती म्हणाली.